हवा नव्हती, शश्या

शश्या, तुला गाडीतलं काही कळत नव्हतं. हे आधी लिहून टाकतो, कारण तुझ्या तेराव्याला आलेली माणसं जे काही बोलून गेली ते ऐकून माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, आणि बोलण्यासारखं तुझ्यात पुष्कळ होतं. तुझ्या आईचं शेवटची चार वर्षं तू स्वतःच्या हाताने सगळं केलंस. चाळीतल्या किती जणांचे फॉर्म तू बँकेत बसून भरून दिलेस. त्यातलं एक अक्षर कुणाच्या तोंडून निघालं नाही. सगळे घसरले ते तुझ्या हातातल्या जादूवर. “शशिकांतने नुसता कान लावला तरी गाडीचं दुखणं कळायचं,” असं तुझ्या बँकेतला तो चष्मेवाला म्हणाला. याच माणसाच्या गाडीचा हँडब्रेक तू “जरा टाइट करून देतो” म्हणून हातात घेतलास आणि केबल तोडून गाडी परत केलीस. मी पंक्तीत त्याच्या शेजारीच बसलो होतो. त्याला आठवण करून द्यावीशी फार वाटली, पण सुमी वाढत होती, म्हणून भाताबरोबर गिळलं.

आपली ओळख गाडीच्याही आधीची. नायगावच्या चाळीत तुमच्या आणि आमच्या खोलीत एक भिंत होती, आणि तिला इकडून खिळा ठोकला की तिकडे भोक पडायचं. पुढे तू माझ्या बहिणीशी, सुमीशी, लग्न केलंस. बहिणीच्या नवऱ्याला अहोजाहो करायची पद्धत असते, ती मला काही जमली नाही. मी बसच्या डेपोत लागलो आणि तेहेतीस वर्षं ब्रेकखाली आडवा पडून काढली. तू बँकेत काउंटरमागे बसलास. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिथे बसून बसून तुला असं वाटायला लागलं की जगात जे जे बिघडतं ते आपल्याला घरबसल्या ओळखता येतं. मिक्सर, पंखा, शेजाऱ्याचा गुडघा, गाडीचा ब्रेक, सगळं. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी बसलेला असतो. तू पाटावर बसून, चहा पीत सांगायचास.

पण मी लिहायला बसलो ते तेराव्याच्या रागाने नाही. तू गेलास त्या रविवारी रुग्णालयात डॉक्टरांनी सुमीला विचारलं, “सकाळपासून काही त्रास होत होता का? छातीत दुखणं, हात जड होणं?” सुमी म्हणाली, “नाही हो, काहीच नाही. जेवण जरा कमी गेलं, एवढंच.” मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. मला माहीत होतं. तू मला सांगितलं होतंस. मी तोंड उघडलं नाही. दहाव्याला उघडलं नाही, तेराव्यालाही नाही. सुमी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली, “काही कळलंच नाही हो, एकदम झालं,” आणि मी कोपऱ्यात बसून मान डोलवत राहिलो. तुझ्या ब्रेकच्या निदानांना खोटं म्हणणारा मी, तीन आठवडे हे करत होतो.

असो. आधी तुझा हिशोब संपवतो.

ती पहिली पांढरी गाडी आठव. तिसऱ्या हातातून आलेली. ब्रेक दाबला की अशी किंचाळायची की तळमजल्यावरची मांजरं पळून जायची. रविवारी तू ती चाळीसमोर मागेपुढे करत बसलास आणि तिन्ही मजले गॅलरीत येऊन उभे राहिले. पहिल्या मजल्याचं म्हणणं दगड अडकलाय, दुसऱ्याचं म्हणणं बेअरिंग, तिसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला गाडीला दृष्ट लागली आहे. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस आणि स्वतःच्या अकलेने गेलास. आपल्या चाळीत दार कुरकुरलं की तेल, पाळणा कुरकुरला की तेल, शिलाई मशीन कुरकुरलं की तेल. तू चाक उतरवलंस आणि ब्रेकला खोबरेल चोपडलंस. मी डेपोतून पहिली पाळी संपवून आलो तेव्हा तू बोटं पुसत होतास. ज्या दोन गोष्टी एकमेकींवर घासल्या तरच गाडी थांबते, त्यांच्यामध्ये खोबरेल. मी ओरडेपर्यंत तू गाडी काढलीही होतीस. ती थांबली गंगूमावशीच्या पाण्याच्या पिंपावर. मावशी बाहेर आल्या, पिंपाकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मेल्या, माझां पिंप फोडलंस.” आणि तू काच खाली करून मला विचारलंस, “पण आवाज गेला ना?”

हे मी तुला तुझ्या सायलीच्या बारशाला ऐकवलं, तिच्या दहावीच्या निकालाला ऐकवलं, तुझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात माइकवरून ऐकवलं. दर वेळी तू माझ्यापेक्षा मोठ्याने हसलास. ज्या माणसाला आपल्या चुकीचा असा अभिमान असतो त्याला शिकवणार तरी काय?

मग ती पाण्याच्या पेल्याची तपासणी. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते अशी तुला शंका आली, तर तू डॅशबोर्डवर स्टीलचा पेला काठोकाठ भरून ठेवलास आणि दादरपर्यंत जाऊन आलास. पाणी डावीकडे सांडलं, म्हणून डावा ब्रेक जास्त धरतोय असं तू जाहीर केलंस. मी तुला सांगितलं की बस उजवीकडे वळली की उभे पॅसेंजर डावीकडे कलतात, पाणीही तसंच, तेव्हा धरतोय तो उजवा. तू दोन मिनिटं विचार केलास. मग म्हणालास, “पॅसेंजरचं वेगळं असतं रे, ते दांडीला धरलेले असतात.” मी उठून घरी गेलो होतो त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी तू उजवं चाक खोललंस, तिथे धरणारा ब्रेक सापडला, आणि मला फोन करून सांगितलंस की “मला वाटलंच होतं.”

तुझं खरं वेड मात्र हवेचं. चाळ पाडली, टॉवर झाला, चौदाव्या मजल्यावर घर मिळालं आणि तुझ्या आताच्या लाल गाडीला खाली पोडियमवर, पार्किंगच्या मजल्यावर, रंगवलेला चौकोन मिळाला. गेल्या गणपतीला गावाहून आल्यापासून त्या गाडीचा ब्रेक बिघडला. सिग्नलला पाय दाबून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली बसायचं. मी एकदा पाय ठेवला आणि सांगून मोकळा झालो. डबीतलं ब्रेक ऑइल कमी होत नाही, चारही चाकं आतून कोरडी, म्हणजे बाहेर कुठे गळत नाही. तरी पेडल बसतंय, म्हणजे पेडलच्या पुढचा मास्टर सिलिंडर गेला. त्याच्यातलं रबर झिजलंय आणि ऑइल आतल्या आत मागे सरकतंय. यात अक्कल लावण्यासारखं काही नव्हतं.

“हवा आहे रे लाइनमध्ये,” तू म्हणालास.

“हवा असती तर पाय ठेवल्याबरोबर फुसका लागला असता. हा आधी घट्ट लागतो आणि मग बसतो.”

“अन्या, तुझं आयुष्य बसमध्ये गेलं. बसचा ब्रेक चालतो हवेवर. तेलाच्या ब्रेकमधली हवा तुला कशी कळणार?”

हे मात्र मला लागलं. हसून सोडलं असं दाखवलं, पण लागलं. पासबुकं छापणाऱ्या माणसाने मला हे सांगावं. तू मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ बघून बोलतोयस हे मला माहीत होतं, आणि तरी प्रभादेवीला घरी परत जाताना मी बसमध्ये मनातल्या मनात तुला उत्तरं देत होतो.

मग दर रविवारी तुमचा तो सोहळा. सायली गाडीत बसून पेडल मारणार, तू चाकाखाली शिरणार. “मार, मार, मार, धर.” तिने पेडल दाबून धरलं की तू चाकामागचा निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, पान्याने अर्धा फेरा उघडणार, नळीतून ऑइल बाटलीत येणार, तू निपल बंद करणार आणि म्हणणार, “सोड.” निपल उघडा असताना पेडल सुटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात, म्हणून तू त्या पोरीवर असा ओरडायचास की वरच्या मजल्यावरचे खिडक्या उघडायचे. सेक्रेटरीने पार्किंगमध्ये दुरुस्तीला सक्त मनाई असल्याची नोटीस लावली, ती काढून तू तिचं नरसाळं केलंस आणि त्यातून ऑइल ओतलंस. चारही चाकं झाली, एक बुडबुडा निघाला नाही, तरी सोमवारी तुझा फोन. “बघ, आज पेडल फुल टाइट आहे.” गुरुवारी ते परत खाली. जुन्या सिलिंडरमध्ये पेडल असं तळापर्यंत मारत राहिलं की आतलं उरलंसुरलं रबरही खरवडून निघतं. मी तुला हे सांगितलं, पुन्हा सांगितलं, एकदा कागदावर काढून दाखवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, आणि वर त्या औषधाने रेडाही मरायला टेकलेला.

एकदा सुमी वरून चहा घेऊन आली, आपलं भांडण ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “तुम्ही दोघं ब्रेक नाही दुरुस्त करत. तुम्ही रविवार घालवताय.” मी तिला म्हटलं, यातलं तुला काही कळत नाही. खरं तर तिचं बरोबर होतं. माझी बायको शैला गेली आणि पाठोपाठ मी निवृत्त झालो, तेव्हा मला रविवार सोमवार सारखेच झाले होते. दोन खोल्यांत मी, टीव्ही आणि शैलाचा फोटो. तेव्हा तुझा फोन यायचा, “ये रे, ब्रेकमधून काहीतरी वास येतोय.” मी शिव्या घालत निघायचो. वास कधीच नसायचा, आणि जेवायला बांगडा असायचा. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. आता मानतो. तुझ्यासारख्या अडाण्याचे आभार मानायला तुझ्यामागे तीन आठवडे लागले, यावरून काय ते समज.

आता तो रविवार.

सायली मैत्रिणीच्या लग्नाला गेली होती, सुमी मासे आणायला. म्हणून पेडल मारायला मी बसलो आणि तू नेहमीसारखा चाकाखाली. दोन चाकं झाली. दार उघडं टाकून मी सीटवरून माझं कीर्तन लावलं होतं. बघ एक तरी बुडबुडा आला का, असती हवा तर आली असती, तेहेतीस वर्षं काय मी डेपोत घंटा वाजवत होतो का. तू बाहेर आलास, आडव्या टाकलेल्या स्टेपनीवर बसलास आणि काही बोलला नाहीस. शश्या, तू मला उत्तर दिलं नाहीस असं चाळीत, टॉवरमध्ये, कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतात कधी झालं नव्हतं. मला वाटलं, मी जिंकलो. मी आणखी पाच मिनिटं बोललो.

मग तू छातीवरून हात फिरवलास. ऑइलचा हात, बनियनवर काळा पट्टा उठला.

“गॅस झालाय बहुतेक,” तू म्हणालास. “सकाळी पोहे जास्त झाले. हातपण जड वाटतोय, पाना धरून.”

“वर चल,” मी म्हटलं, “ओवा खा.”

वर गेलो. तू ओट्यापाशी उभा राहून डबे हलवत बसलास. पन्नाशी उलटून किती वर्षं झाली, पण आपल्या घरात ओवा कुठे असतो हे तुला ठाऊक नव्हतं. सुमी तो आमच्या आईसारखाच वरच्या फळीवर मिठाच्या बरणीमागे ठेवते. मीच बरणी काढली, तुझ्या हातावर चिमूटभर ओवा घातला, वर मीठ दिलं. तू चावलास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालास, “बरं वाटलं.” मी विश्वास ठेवला. तुझी इतकी निदानं मी आयुष्यभर पायदळी तुडवली, आणि ज्या एका निदानाला लाथ घालायला हवी होती ते मी मुकाट मान्य केलं. का, तर मला खाली जाऊन उरलेली दोन चाकं करायची होती आणि तिथेही एक बुडबुडा नाही हे तुला दाखवायचं होतं.

कुणी येऊन मला म्हणालं असतं की पेडल जरासं बसतंय, तर मी त्याची चावी काढून घेतली असती. गाडी एक फूट पुढे नेऊ दिली नसती. डेपोत मी अशा बसेस थांबवल्या आहेत, साहेबांशी भांडून थांबवल्या आहेत. माणसाला मात्र मी ओवा दिला.

सुमी आली, तिने बांगड्याचं तिखलं केलं. तू दोन घास खाल्लेस आणि आडवा झालास. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि सुमीला सांगितलं, “आज हरलाय तो, म्हणून भूक नाही त्याला.” दोन वाजता मी निघालो. चार वाजता ती तुला चहा द्यायला गेली. पुढचं तुला माहीत नाही आणि मला लिहायचं नाही.

गेल्या गुरुवारी सायली म्हणाली, “मामा, आईला थोडे दिवस गावाला नेते. शनिवारी निघतो. पप्पांच्या गाडीने.”

“त्या गाडीने घाट उतरायचा नाही,” मी म्हटलं.

“मग नीट कर. नुसता बोलू नको.”

अगदी तुझी मुलगी आहे. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तिने सीटवर बसून इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरलं आणि मी मोठ्याने आकडे मोजले. नऊपर्यंत पेडल तळाला. मास्टर सिलिंडर, दुसरं काही नाही. मी पाने काढायला डिकी उघडली. स्टेपनी उचलली तर खाली तुझ्या जुन्या लुंगीत गुंडाळलेला एक खोका. उघडला. नवा कोरा मास्टर सिलिंडर, या गाडीचाच, सील न फोडलेला.

“हे कुणी आणलं?”

“पप्पांनी,” सायली म्हणाली. “त्या रविवारच्या आधी दोन-तीन दिवस. मला म्हणाले, मामाला बोलू नको, फुगेल तो.”

“मग त्या दिवशी हवा कशाला काढत होता?”

“नाटक. आधी एकदा चारही चाकं करायची, मग विचार केल्यासारखं करून सांगायचं की अन्या, मला वाटतं मास्टर असेल. म्हणजे त्यांनीच शोधलं असं झालं असतं ना. मग तुझ्याकडूनच बसवून घेणार होते.”

इतका लबाड माणूस मी पाहिला नाही. हवा नाही हे ठाऊक असताना तू चाकाखाली शिरलास, केवळ माझ्यासमोर हरायचं नव्हतं म्हणून. आणि मग स्टेपनीवर बसून तुला ते एक वाक्य बोलायचं होतं, ज्यासाठी सगळं सजवलं होतं, आणि बोलायला दम उरला नाही. मी त्या स्टेपनीवर बसलो. सायली समोर उभी होती, म्हणून नाक शिंकरल्यासारखं केलं. तू माझं ऐकलं होतंस, शश्या. मला न सांगता ऐकलं होतंस. मीही तुझं ऐकलं, त्याच सकाळी, आणि माझ्या ऐकण्याने हे झालं.

सिलिंडर बसवायला तासभर लागला. दोन नळ्या, दोन नट, काही विशेष नाही. पण नवा बसवल्यावर लाइनमध्ये हवा शिरतेच, ती काढावी लागते. म्हणजे अखेर खरोखरच हवा काढायची वेळ आली, आणि चाकाखाली तू नाहीस. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असते. मी मागच्या डाव्या चाकाशी आडवा झालो.

“मार, मार, मार,” मी म्हटलं. “धर.”

तिने धरलं. मी निपल उघडला. नळीतून फेस आला, बुडबुडे आले. इतक्या रविवारांत पहिल्यांदा आले. तिथून मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि तिला माझा. समोर असती तर मला जमलं नसतं.

“सायली,” मी म्हटलं, “त्या दिवशी त्याच्या छातीत दुखत होतं. हात जड झाला होता. मला बोलला होता तो. मी त्याला ओवा दिला.”

 नळीत ऑइल पुढे सरकलं. माझा हात पान्यावरच होता आणि निपल उघडाच होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे बोलायला मी काय वेळ निवडली आहे. असं काही ऐकलं की कुणाचाही पाय सुटेल. सुटला असता तर सगळी हवा परत आत गेली असती. मी वाट बघत होतो. पेडल हललं नाही. मी निपल बंद केला.

“सोड,” मी म्हटलं.

तिने सोडलं नाही.

“सायली, सोड आता.”

बऱ्याच वेळाने पेडल वर आल्याचा आवाज झाला. ती उतरून आली, माझ्याजवळ उकिडवी बसली आणि ऑइलची बाटली उचलून बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

“आईला तू सांगायचं,” ती म्हणाली. “आजच. मी नाही सांगणार.”

“सांगतो.”

“दुसरं चाक घे मग.”

चारही चाकं झाली. पेडल असं घट्ट की तू असतास तर वर्षभर बोलून दाखवलं असतंस. नंतर आम्ही वर गेलो. सुमी ओट्यापाशी होती, गावाला न्यायचे डबे भरत होती. सायली आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, काळे हात अंगापासून लांब धरून, सुमीला सगळं सांगितलं. पोहे, हात, बनियनवरचा पट्टा. काही गाळलं नाही. तीन भाकऱ्याही सांगितल्या.

ती डब्यात तांदूळ भरत राहिली. भरून झाल्यावर म्हणाली, “ओव्याची बरणी त्या दिवशी ओट्यावर उघडी होती. हॉस्पिटलमधून आले तेव्हा बघितली. ह्यांना ओवा कुठे असतो ते कधी माहीतच नव्हतं. तुला माहीत आहे.”

तिने भरलेला डबा बाजूला सारला.

“तीन आठवडे वाट बघितली तुझी,” ती म्हणाली. “दर वेळी तुझ्यासमोर मुद्दाम म्हणायचे, काही कळलंच नाही हो. म्हटलं, आता तरी बोलेल.”

आपण दोघं, शश्या, आयुष्यभर कान लावून, पेले भरून, नळ्या जोडून निदानं करत बसलो, आणि तुझ्या बायकोने एक उघडं झाकण बघितलं. तिने वरच्या फळीवरून ती बरणी खाली काढली, माझ्यासमोर धरली, झाकण फिरवून घट्ट केलं आणि मिठाच्या मागे परत ठेवली.

“पुन्हा कुणी छातीत दुखतंय म्हणालं तर आधी मला फोन कर,” ती म्हणाली. “आता हात धू. भात निवतोय.”